बसतळ

सव्वीस वर्षं हा माणूस कादिसला आला
आणि कादिस पाहिलं नाही.
साफ्राहून पहाटे सहाला निघायचं,
पेन्शनर, शाळेची पोरं, एकदा तर अख्खं बँडपथक तुताऱ्यांसकट,
दहाला बंदरालगतच्या तळावर उतरवायचे,
सहाला मोजून परत भरायचे.
मधले आठ तास बसपाशी.
कसं आहे गं शहर, शेजारणी मला विचारायच्या.
मी त्याला विचारायचे.
"शहरं काय, सगळी सारखीच.
तळाला सावली आहे का, ते विचार."

या वेळी तिकिटं मी काढली.
खिडकीपाशी बसवलं त्याला.
तर वाटभर उजवा पाय दाबून
दुसऱ्याच्या वळणांवर ब्रेक मारत आला.

कॅथीड्रलमध्ये घुमटाखाली जाळी बांधलेली,
दगडाचा भुगा पडतो म्हणून.
मी क्रूसाची खूण केली.
फर्मीन मान वर करून म्हणाला, "गळतंय हे. बघतं कोण याच्याकडे?"
बाजारात ट्यूनाचं लालभडक मांस, सुऱ्यांचा खणखणाट,
मासेवालीने त्याला "लाडक्या" म्हटलं,
त्याचे कान लाल.
मला आवडलं ते.

मग मनोरा. गुडघे कुरकुरत वर.
एक काळोखी खोली, मधोमध
जेवणाच्या गोल मेजाएवढी पांढरी तबकडी,
आणि तिच्यावर आरशाभिंगातून उतरलेलं
चित्र नव्हे, आत्ताचं शहर.
गच्च्यांवर चादरी फडफडतायत, आवाज नाही.
एक चिमणा कुत्रा रस्ता ओलांडतो.
निएवेस नावाची गाइड मुलगी
कागदाचा कपटा सरकवून
एका बाईला फुटपाथवरून अलगद उचलते;
सगळे हसतात.

फर्मीनने शाळेतल्यासारखा हात वर केला.
"बंदराचा बसतळ दिसेल का?"
"असं कुणी मागत नाही," ती म्हणाली,
आणि दांडा फिरवला.
शहर कलंडलं,
समुद्र काठावरून सांडतोय की काय, असं वाटलं,
मग थांबलं.

नऊ बस.
तिसरीच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर
तांदळाच्या दाण्याएवढा कुणीतरी,
मांडीवर काहीतरी चकाकतंय.
डबा.

"तो मी," फर्मीन म्हणाला.
मग स्वतःच दुरुस्त केलं,
"म्हणजे, कुणीतरी."

सव्वीस वर्षं मी बटाट्याचं ऑम्लेट पावात घालून
डबा भरत आले, झाकण दाबत आले.
तो उघडतो कुठे,
हे आज पाहिलं. इतक्या उंचावरून.

जेवलो उभ्यानेच, एका अरुंद बारमध्ये.
जवळ्याची जाळीदार धिरडी, कडांना नुसता कुरकुरीत वारा,
व्हिनेगरात मुरवून तळलेली मुशी,
थंड, खारट चवीची वाइन.
मी दुसरा पेला मागितला, तो काही बोलला नाही.
भिंतीला पाठ लावून तो घड्याळ बघत होता,
आणि ओठ हलत होते.
"चौतीस," म्हणाला. "आत चौतीस माणसं आहेत."
मग काउंटरवर वाकून
तळलेल्या मासळीचा आणखी एक पुडा घेतला.
कुणासाठी, मी विचारलं नाही.

तळापर्यंत भर उन्हात चाललो.
पूर्वेचा वारा सुटलेला, डोळ्यांत वाळू,
कागद तेलाने पारदर्शक होत चाललेला.
तिसरी जागा रिकामी.
डांबरावर तेलाचा एक थेंब, अजून ओला.
फर्मीनने तो बुटाच्या टोकाने पाहिला,
जणू नाडी बघतोय.
"गॅस्केट गेलंय त्याचं. कुणी सांगायला हवं होतं."

कठड्यावर बसलो.
मासळी गार झाली होती, तरी संपवली,
काटेसुद्धा चावून.
समोर जहाजाएवढं जहाज उभं,
त्याच्याकडे त्याने पाहिलंही नाही.
तो माझ्याकडे बोट करून म्हणाला, "एक."
स्वतःच्या छातीवर टेकवून, "दोन.
आले सगळे."

आणि निघताना, सवयीने,
मागे वळून पुन्हा एकदा मोजलं.